जुनी मोटार आणि घरचा पाना

श्रोतेहो, आपल्याकडे अजूनही एखाद्या वाड्याच्या पडवीशेजारी जुनी अँबॅसडर किंवा फियाट उभी दिसते. अँबॅसडरचे उत्पादन २०१४ साली थांबले. प्रीमियर पद्मिनी त्याआधीच बंद झाली. पण कारखान्याने गाडी सोडली म्हणून मालकानेही सोडावी, असे थोडेच आहे? या गाड्यांची रचना साधी आहे. मात्र ती समजून घेतल्याखेरीज पाना हाती धरू नये.

आधी पेट्रोलची वाट पाहू. टाकीतले पेट्रोल पंप ओढतो. पंपात रबरी पडदा असतो. इंजिनाच्या फिरण्याबरोबर तो खाली-वर होतो. पुढे कार्बोरेटरची वाटी. तीत तरंगणारा फ्लोट वर आला, की सुई पेट्रोलची वाट बंद करते. वाटीतले पेट्रोल जेटच्या बारीक भोकातून हवेत मिसळते. गाडी चढावर धापा टाकू लागली, की पुष्कळजण थेट कार्बोरेटर उघडतात. तसे करू नका. टाकीकडून क्रमाने या: नळी, पंपाची जाळी, पडदा, आणि शेवटी जेट. जेटमध्ये तार मुळीच घालू नये. भोक किंचित वाढले तरी मिश्रण बिघडते. हवेच्या झोताने ते साफ करावे.

आता एक नवी गोष्ट. २०२५ साली पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट देशाने गाठले. आपल्याच उसाचा रस आणि मळी यांपासूनही हे इथेनॉल बनते. शेतकऱ्याच्या दृष्टीने ही चांगलीच गोष्ट. पण जुन्या गाडीतले रबर त्यासाठी घडवलेले नव्हते. ते फुगते, मऊ पडते, पुढे चिरते. शिवाय इथेनॉल पाणी शोषून घेते. गाडी महिनोन्महिने उभी राहिली, तर पाणी आणि इथेनॉल टाकीच्या तळाशी वेगळे बसते आणि पत्रा गंजतो. म्हणून नळ्या आणि पंपाचा पडदा इथेनॉलला टिकणारे बसवून घ्या. नळी बोटांनी दाबून पाहा. चिकट लागली किंवा भेग दिसली, तर त्याच दिवशी बदला. तापलेल्या इंजिनावर पडणारा एक थेंबही आग लावू शकतो.

आता मागच्या चाकांकडे वळू. गिअरबॉक्सची शक्ती लांब दांड्याने, म्हणजे शाफ्टने, मागे जाते. क्लच सोडताना ‘खट्’ असा आवाज आला, तर शाफ्टचा जोड, आपले मिस्त्री ज्याला क्रॉस म्हणतात तो, झिजला असण्याचा संभव असतो. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवा, हँडब्रेक ओढा, चाकांना अडणी लावा आणि जोडाच्या दोन्ही बाजू उलट दिशांना पिळून पाहा. सैलपणा जाणवला, तर क्रॉस बदलावा. शाफ्ट काढण्यापूर्वी दोन्ही बाजूंना खूण करा, म्हणजे तो होता तसाच परत बसेल. नाहीतर गाडी थरथरेल. पुरातून गाडी काढली असेल, तर डिफरन्शिअलचे तेल पाहा. ते दुधासारखे दिसले, तर आत पाणी शिरले आहे असे समजा.

शेवटी तीन पथ्ये सांगतो. जॅक गाडी उचलण्यासाठी असतो, तोलून धरण्यासाठी नव्हे. खाली लोखंडी घोडे लावल्याशिवाय गाडीखाली जाऊ नका. पेट्रोल तोंडाने ओढू नका. आणि रिकाम्या टाकीला घरी वेल्डिंग करू नका. आत राहिलेली वाफ भडकते. ही तीन कामे टाळली, तर बाकीचे शिकता येते. शाळेतल्या मोठ्या मुलांना उभ्या गाडीचे बंद इंजिन अवश्य दाखवा. पुस्तकातली शक्ती तिथे हाताला लागते.