अंगठ्यानंतरची अक्षरे

१९५९ मध्ये साताऱ्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली. प्रौढ मंडळी साक्षर झाली, की गाव ग्रामगौरव समारंभ साजरा करी. पनवेल परिसराचा प्रश्न थोडा निराळा आहे. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली, शेती गेली. २०१६ मध्ये अनेक गावे महानगरपालिकेत आली. अंगठा सोडून मराठी सही करू लागलेल्या प्रौढालाही औषधाच्या वेष्टनावरील मुदत आज इंग्रजीतच वाचावी लागते. २०२२ पासूनच्या ‘उल्लास’ कार्यक्रमात स्वयंसेवक अक्षरांबरोबर आर्थिक व डिजिटल साक्षरताही शिकवितात. सेवाभावी संस्थांनी त्यास इंग्रजीची जोड द्यावी. मात्र आरंभ व्याकरणाने नको. ‘एक्स्पायरी’ ओळखता येणे अधिक निकडीचे. आणि वर्ग जेवणखाण उरकल्यावरच भरवावा. भर दुपारी मजुरी बुडवून कोण येणार?