टॉवेल वेगळा, मूल वेगळं नको



आज आम्ही एका अगदी बारीक दुखण्याबद्दल बोलणार आहोत. बारीक म्हणजे खरंच बारीक, मोहरीच्या नाहीतर ज्वारीच्या दाण्याएवढं. पण त्याच्यापायी आमच्याच गटातल्या एका मैत्रिणीच्या घरात दोन महिने कुणाला धड झोप नव्हती.

ही मैत्रीण नालासोपाऱ्याला चाळीत राहते. तिच्या पाच वर्षांच्या मुलीच्या मानेवर चार पुळ्या आल्या. पंधरा दिवसांत काखेत सात-आठ दिसल्या. शेजारणी म्हणाल्या, चामखीळ आहे, घोड्याचा केस बांध. सासूबाईंनी मायेनंच चुना आणि धुण्याचा सोडा कालवून लावला. पोर रात्रभर रडली, कातडी भाजली. वर बालवाडीतून निरोप आला, बरं होईपर्यंत पाठवू नका. पुढे सात महिन्यांनी पुळ्या गेल्या, आपोआप गेल्या. चुन्याचा डाग मात्र मानेवर अजून आहे.

म्हणून आज हा विषय घेतला. या दुखण्याला डॉक्टर मोलस्कम म्हणतात. हा विषाणूमुळे होणारा त्वचेचा आजार आहे. आपल्या आज्यांच्या दंडावर देवीच्या लसीचा वण दिसतो ना, त्या देवीच्या विषाणूच्याच कुळातला हा एक. पण घाबरू नका. देवीनं माणसं दगावत. आपल्या देशात १९७५ नंतर तिची साथ उरली नाही. हा तिचा भाऊबंद मात्र कातडीच्या वरच्या थरातच राहतो. रक्तात जात नाही, ताप आणत नाही.

ओळखायचा कसा? पुळी गोल, गुळगुळीत, मोत्यासारखी चमकते. रंग कातडीचाच किंवा जरा गुलाबी. नीट उजेडात पाहा, मधोमध खळगा असतो, जणू पुळीला बेंबी आहे. आत तांदळाच्या कणीसारखं पांढरं असतं. दुखत नाही, कधीकधी खाजतं. कांजिण्यांत अंग तापतं आणि पाण्याचे फोड भराभर उठतात, तसं इथे होत नाही. चामखीळ खरखरीत असते, ही पुळी मऊसूत. तरी शंका असेल तर डॉक्टरांना दाखवा. बहुतेक वेळा त्यांना नुसतं पाहूनच कळतं.

हा आजार कातडीला कातडी लागून पसरतो. एकच टॉवेल, एकाच अंघोळीचा पंचा, एकमेकांचे कपडे, यांतूनही पसरतो. आणि मूल स्वतःच खाजवतं, त्याच नखानं दुसरीकडे लावतं. म्हणून कधीकधी पुळ्या एका रेघेत दिसतात.

आता आपल्याकडचं बघा. पावसाळ्यात चार-चार दिवस टॉवेल वाळत नाही. टँकर आला तर पाणी, नाहीतर कपडे धुवायचे कशानं? मग घरात सगळ्यांना मिळून एक-दोन पंचे. उन्हाळ्यात अर्नाळा, राजोडीच्या रिसॉर्टवर सहल निघते, तिथे पोहायचे कपडे भाड्यानं घेतले जातात. पाण्याला दोष देण्याआधी ओल्या टॉवेलाकडे आणि दुसऱ्याच्या कपड्यांकडे बघा.

आणखी एक सांगतो. लागण झाल्यापासून पुळी दिसेपर्यंत दोन आठवडे ते सहा महिने जाऊ शकतात. म्हणजे ‘तुझ्या पोरामुळे माझ्या पोराला झालं’ हे कुणालाच छातीठोकपणे सांगता येत नाही. नळावर भांडण नको.

आता उपचार. पहिला उपचार म्हणजे धीर. निरोगी मुलाचं शरीर या विषाणूला स्वतःच हुसकावतं. बहुतेकांना सहा महिने ते वर्ष लागतं, काहींना दीड वर्ष, क्वचित त्याहून जास्त. २०१७ साली कोक्रेन या संस्थेनं जगभरातल्या २२ चाचण्या तपासल्या. अमुक एक औषध हमखास लागू पडतं, असं त्यांतून सिद्ध झालं नाही. म्हणूनच कित्येक डॉक्टर ‘थांबू या’ म्हणतात. औषध दिलं नाही म्हणून त्यांच्यावर रागावू नका.

पुळ्या फार असतील, खाज सुटत असेल, तोंडावर असतील, तर त्वचारोगतज्ज्ञ उपाय करतात. बधिर करणारं मलम लावून पुळी सुईनं किंवा बारीक चमच्यासारख्या हत्यारानं काढतात. कुणी पोटॅशियम हायड्रॉक्साइडचं द्रावण फक्त पुळीच्या टोकावर लावायला देतात. कुणी अतिथंड नायट्रोजननं गोठवतात. हे सगळं त्यांच्या हातून किंवा त्यांनी शिकवल्याप्रमाणेच करायचं. खासगीत परवडत नसेल तर मुंबईच्या केईएम आणि नायर रुग्णालयांत त्वचारोग विभाग आहेत. विरार लोकलनं जाऊन यायला दिवस मोडतो, पण भलत्या उपायांचे डाग वाचतात.

मेडिकलवाल्याकडून ‘खाज-खरजेची ट्यूब’ मात्र आणू नका. त्यातल्या बऱ्याच ट्यूबमध्ये स्टेरॉइड असतं. त्यानं कातडीची ताकद दबते आणि पुळ्या आणखी वाढू शकतात. २०१८ पासून अशी कित्येक स्टेरॉइडची मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला मनाई आहे. तरी कुणी देत असेल तर आपण घ्यायची नाहीत.

जाता जाता पुळी लाल होते, सुजते. आईला वाटतं, पिकली, आता फोडू या. थांबा! शरीरानं विषाणूला ओळखल्याची ती खूण असते, पुळी बऱ्याचदा त्यानंतरच विरते. पण लाली आजूबाजूला पसरत चालली, पू आला, दुखायला लागलं, ताप आला, तर डॉक्टर गाठा. पुळी पापणीवर किंवा डोळ्याजवळ असेल तरीही. मुलाला आधीपासून इसब असेल तर सुरुवातीलाच दाखवा.

घरात काय करायचं? मुलाचा टॉवेल वेगळा ठेवा, त्यावर रंगीत दोऱ्याचा टाका घाला म्हणजे घोटाळा होणार नाही. नखं कापा. पुळ्या कपड्यानं झाका, उघड्या राहत असतील तर पट्टी लावा. पुळीला हात लागला की साबणानं धुवा. भावंडांना एका बादलीत बसवून अंघोळ घालू नका. एवढं केलं की मुलानं शाळेत जावं, खेळावं, सगळ्यांच्या पंगतीत जेवावं. त्याला घरी कोंडायची गरज नाही.

शेवटची गोष्ट जरा हळू आवाजात सांगायची, पण सांगायलाच हवी. मोठ्या माणसांना जांघेत, गुप्तांगाजवळ अशा पुळ्या आल्या तर त्या शरीरसंबंधातून आलेल्या असू शकतात. लाजून लपवू नका. नवरा-बायकोनं दोघांनी तपासून घ्यावं आणि तिथले केस वस्तऱ्यानं काढू नयेत, त्यानं पसरतात. मोठ्या माणसाच्या तोंडावर भराभर, मोठ्या पुळ्या येत असतील तर प्रतिकारशक्ती कमी झालेली असू शकते. अशा वेळी डॉक्टर एचआयव्हीची तपासणी सांगतात. सरकारी केंद्रात ती मोफत होते आणि नाव गुप्त राहतं.

आमची मैत्रीण परवा म्हणाली, “मला तेव्हा कुणी एवढंच सांगितलं असतं ना, की ‘थांब, जाईल ते’, तर माझ्या पोरीच्या मानेवर डाग राहिला नसता.”

तेव्हा मैत्रिणींनो, तुमच्या चाळीत, तुमच्या वाडीत कुणी चुन्याची डबी उघडताना दिसली, तर तिचा हात धरा आणि एवढंच सांगा. नमस्कार.