ऐकणारा आणि गुण देणारा



समुपदेशकांचं अधिवेशन फर्दापुरात भरवायचं धाडस केल्याबद्दल संयोजकांचे आभार. अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करायला १९०९च्या हिवाळ्यात लेडी हेरिंगहॅम आल्या, तेव्हा त्यांचा तळ याच गावी पडला होता. त्यांच्याआधी रॉबर्ट गिल यांनी वर्षानुवर्षं खपून केलेल्या नकला १८६६मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत बहुतेक सगळ्या गेल्या.

हे सांगण्याचं कारण असं, की सुपरव्हायजरपुढे आपण नेतो तीही सेशनची नक्कलच असते.

तपशील बदलून एक प्रसंग सांगते. एका ट्रेनीची तक्रार होती, 'मॅडम, बाई बोलतच नाहीत.' नवऱ्यानं आत्महत्या केलेली बाई. त्यांच्या संमतीनं केलेलं रेकॉर्डिंग आम्ही दोघींनी ऐकलं. बाई म्हणतात, 'पोरगी माझ्याशी बोलंना. तिला वाटतं, मीच तिच्या बापाला...' आणि थांबतात. लगेच आमच्या ट्रेनीचा आवाज येतो: 'बरं, आता आपण दीर्घ श्वास घेऊ या.'

बाई बोलत होत्या. ऐकणारीला ते झेपलं नाही, आणि त्यात तिला दोष देण्यासारखं काही नाही. तेविसाव्या वर्षी असं वाक्य अंगावर आलं की कुणीही श्वासाचाच आधार घेईल. अडचण पुढची आहे. तिच्या लेखी अहवालात फक्त 'शिथिलीकरण शिकवले' एवढी ओळ होती. 'मी घाबरले' हे तिनं लिहावं कसं? अहवाल वाचणारी मी, आणि वर्षअखेर तिचे अंतर्गत गुण भरणारीही मीच!

देखरेखीखाली केसेस करणं हा प्रशिक्षणाचा आवश्यक भाग मानण्याची पद्धत १९२०च्या दशकात बर्लिनच्या मनोविश्लेषण संस्थेत रुजली. पुढे कार्ल रॉजर्स यांनी सेशन तबकड्यांवर उतरवून ऐकवायला सुरुवात केली. नक्कल बाजूला सारून मूळ ऐकण्याची ती सोय होती. आपल्याकडे कि. मो. फडके यांनी न्यूयॉर्कच्या अल्बर्ट एलिस यांच्याशी वर्षानुवर्षं पत्रव्यवहार करून विवेकनिष्ठ मानसोपचाराचा अभ्यास केला. त्या पत्रांच्या उत्तरी गुणपत्रिका येत नव्हती, हे मला फार मोलाचं वाटतं.

आता मराठवाड्याकडे पाहा. राज्याची चार जुनी प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरीला. अनुभवी सुपरव्हायजरही बहुतांशी मोठ्या शहरांतच. सोयगाव-सिल्लोडकडे एकट्यानं काम करणारी समुपदेशक दिवसभर ऐकते. तिचं ऐकायला कुणी नाही. पदवी झाली म्हणजे सुपरव्हिजन संपलं, हा समज तर शहरातही घट्ट आहे. माझ्या मते तो घातक आहे.

म्हणून उद्याच्या खुल्या सत्रात दोन ठराव मांडणार आहे. पहिला, ट्रेनीचं सेशन ऐकणाऱ्यानं तिला गुण देऊ नयेत. ते काम दुसऱ्याकडे असावं. दुसरा, आपल्यातल्या प्रत्येक ज्येष्ठानं तालुक्यात काम करणाऱ्या एका तरी समुपदेशकाला दरमहा एक तास, फोनवरून का होईना, विनामूल्य द्यावा. दाराशी नोंदवही ठेवली आहे. जेवायला जाण्याआधी त्यात नाव आणि सोयीची वेळ लिहा.