लगोरीपासून स्पॅनिशपर्यंत : बालवयातील परभाषा



प्राथमिक शाळेत जाणाऱ्या मुलाला मातृभाषेखेरीज एखादी परदेशी भाषा शिकवावी काय, आणि शिकवायची ठरल्यास ती कोणत्या रीतीने शिकवावी, हा प्रश्न आता पुण्यामुंबईच्या धनिक शाळांपुरता राहिलेला नसून मानवत, पाथरी, सेलू अशा गावांतील शिक्षक-पालकांच्या बोलण्यातही तो येऊ लागला आहे. या प्रश्नाचा विचार मी आज स्पॅनिश भाषेच्या उदाहरणाने करणार आहे. वीस देशांचा राज्यकारभार जिच्यातून चालतो आणि पंचेचाळीस कोटींहून अधिक माणसे जी जन्मभाषा म्हणून बोलतात, ती ही भाषा आपल्याला वाटते तितकी दूरची नाही. आणि तिच्या निमित्ताने मी जे सांगणार आहे ते इंग्रजीला, हिंदीला किंवा अन्य कोणत्याही परभाषेला तितकेच लागू पडणारे आहे.

परदेशी भाषा आणि खेड्यातली शाळा यांचा मेळ कसा बसावा, अशी शंका ज्यांच्या मनात येईल त्यांनी आपल्याच मराठवाड्यातील गाडीवाट या गावाकडे पाहावे. छत्रपती संभाजीनगरपासून सुमारे पंचवीस किलोमीटरवर असलेल्या या गावच्या जिल्हा परिषद शाळेने 2019 साली मुलांना विचारले की तुम्हाला कोणती परकी भाषा शिकायला आवडेल. मुलांच्या मनात यंत्रमानव आणि तंत्रविद्या यांचे कुतूहल होते, म्हणून बहुतेकांनी जपानीची निवड केली, आणि हाताशी ना क्रमिक पुस्तक ना प्रशिक्षित अध्यापक अशा स्थितीत, प्रथम चित्रफितींच्या आधारे आणि पुढे एका जाणकाराने विनामूल्य दिलेल्या पाठांच्या साहाय्याने, ती मुले जपानीत बोलू लागली. निवड मुलांची होती, ही या हकिकतीतील सर्वांत महत्त्वाची बाब होय. आपल्या मुलांच्या ठायी भाषा ग्रहण करण्याची शक्ती विपुल आहे. उणीव असेल तर ती आपल्या पद्धतीत आहे.

आणि ही शक्ती मराठवाड्याच्या मुलाला वारशानेच लाभलेली आहे. निजामाच्या अमदानीत या मुलखात दप्तराची भाषा उर्दू होती, 1918 साली हैदराबादेत स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे अध्यापनही उर्दूतूनच चाले, आणि 17 सप्टेंबर 1948 रोजी हैदराबाद संस्थान मुक्त होईपर्यंत घरी मराठी, शाळेत उर्दू आणि बाजारात दखनी हा येथील अनेकांचा नित्यक्रम होता. आजही मानवतच्या मोंढ्यात बापाचे बोट धरून गेलेले पोर अडत्याची मारवाडी, हमालाची दखनी, तांड्यावरून आलेल्या बाईची गोरमाटी आणि आपल्या घरची मराठी एकाच सकाळी ऐकते, आणि कोणाशी काय बोलावे याचा निवाडा कोणी न शिकवता करते. तिथे त्याला कोणी व्याकरण सांगितलेले नसते. व्यवहार समोर चाललेला असतो, त्या व्यवहाराला शब्द जोडलेला असतो, आणि तो शब्द पुन्हा पुन्हा कानावर पडत असतो.

याउलट शाळेत आपण काय करतो? 2000 साली, रामकृष्ण मोरे हे शिक्षणमंत्री असताना, महाराष्ट्रातील मराठी शाळांत पहिल्या इयत्तेपासून इंग्रजी सुरू झाले. पाचवीपर्यंत थांबण्याऐवजी कोवळ्या वयातच मुलांच्या कानांवर ती भाषा पडावी, हा त्यामागील हेतू स्तुत्य होता. परंतु पुष्कळ वर्गांत कान बाजूला राहिले आणि पाटी पुढे आली, मुळाक्षरे गिरवून झाली, शब्दांची घोकंपट्टी झाली, आणि पाचव्या वर्षी पोपटाप्रमाणे रंगांची नावे म्हणणारे मूल दहाव्या वर्षीदेखील पाणी मागायची वेळ आली की मुके राहिले. स्पॅनिशच्या बाबतीत आपण त्याच वाटेने जाणार असू, तर न गेलेले बरे.

म्हणून पहिला नियम असा की परभाषा आधी कानाने आणि अंगाने शिकवावी, जिभेने नंतर, आणि लेखणीने सर्वांत शेवटी. जेम्स ॲशर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1960 नंतरच्या दशकात जी पद्धत पुरस्कारिली तिचे सार हेच आहे. शिक्षकाने आज्ञा द्यावी आणि ती स्वतः करून दाखवावी, विद्यार्थ्याने ती नुसती ऐकून कृतीत आणावी, आणि बोलण्याची सक्ती त्याच्यावर मुळीच करू नये, असे त्याचे सांगणे. घरातले तान्हे मूल वर्षभर ऐकते आणि मग बोलते. त्या वर्षभरात त्याला मुके म्हणून कोणी हिणवीत नाही. शाळेतल्या मुलालाही तशीच मूकपणाची मुदत मिळाली पाहिजे.

या पद्धतीसाठी आपल्याकडे नवा खेळ शोधण्याचीही गरज नाही, कारण ‘शिवाजी म्हणतो’ हा आपल्या अंगणातला खेळ नेमका आज्ञांचाच आहे. पहिल्या आठवड्यात चारच आज्ञा घ्याव्यात : ‘साल्ता’ म्हणजे उडी मार, ‘पारा’ म्हणजे थांब, ‘सिएंताते’ म्हणजे खाली बस आणि ‘लेवांताते’ म्हणजे ऊठ. गुरुजींनी ‘शिवाजी म्हणतो, साल्ता’ असे म्हणताच वर्गाने उडी मारावी, आणि शिवाजीचे नाव न घेता नुसते ‘साल्ता’ म्हटल्यावर जो उडी मारील तो बाद व्हावा. खेळ रंगात आला की चौथ्या-पाचव्या दिवशी एखादे धीट पोर स्वतःच ‘मी शिवाजी होतो’ म्हणून पुढे येते, आणि त्या क्षणी त्याच्या तोंडून कोणी न सांगता स्पॅनिश बाहेर पडते. अंकांसाठी लगोरी घ्यावी. तिचे दगड सात, तेव्हा एकेक दगड चढवताना साऱ्या गड्यांनी ‘ऊनो, दोस, त्रेस, क्वात्रो, सिंको, सेइस, सिएते’ असे मोठ्याने म्हणावे. दगड कोसळले की गणती पुन्हा पहिल्यापासून, आणि दगड तर कोसळतातच, म्हणजे पाठांतराचे नाव न काढता पाठांतर होते.

येथे स्पॅनिशच्या उच्चारांविषयी दोन शब्द सांगणे अवश्य आहे, कारण मराठी मुलाला ही भाषा इंग्रजीपेक्षा उच्चाराने पुष्कळ सुलभ वाटेल असे माझे मत आहे. तिचे मूळ स्वर पाचच आहेत, आ, ए, ई, ओ, ऊ, आणि शब्द बदलला म्हणून स्वर बदलत नाही. तिचा ‘त’ बव्हंशी आपल्या ‘त’सारखा दंत्य आहे, तिचा ‘र’ जिभेच्या टोकावर नाचणारा आहे. आणि नामाच्या लिंगाप्रमाणे विशेषण बदलण्याची रीत, जी आपण ‘पांढरा सदरा, पांढरी टोपी’ अशी न शिकताच पाळतो, ती तिथेही आहे. ‘मला आंबा आवडतो’ या वाक्यात आपण आंब्याला कर्ता करतो. स्पॅनिशमध्येही ‘मे गुस्ता एल मांगो’ या वाक्यात कर्ता आंबाच असतो. मात्र एक सावधगिरी बाळगावी. आपली मुले पहिलीपासून रोमन अक्षरे इंग्रजीच्या वळणाने वाचतात, आणि स्पॅनिश त्याच अक्षरांना निराळे उच्चार देते. म्हणून पहिले वर्षभर स्पॅनिशचे रोमन लेखन मुलांच्या दृष्टीस पडू देऊ नये. शब्द ऐकवावा, चित्र दाखवावे, आणि फळ्यावर लिहायचेच झाल्यास देवनागरीत लिहावे.

दुसरा नियम असा की शब्द मुलाच्या भोवतालच्या वस्तूंपासून घ्यावेत. परदेशी पुस्तकांतले हिमवर्षावाचे आणि अस्वलांचे धडे मानवतच्या मुलाच्या काय कामाचे? त्याऐवजी महिन्यातून एकदा वर्गातच आठवडी बाजार भरवावा. सतरंजीवर चार दुकाने मांडावीत : एकात कांदे, म्हणजे ‘सेबोया’, दुसऱ्यात टोमॅटो, म्हणजे ‘तोमाते’, तिसऱ्यात लिंबे, म्हणजे ‘लिमोन’, आणि चौथ्यात शेतातून आणलेली कापसाची बोंडे, म्हणजे ‘आल्गोदोन’. गिऱ्हाईक झालेल्या मुलीने बोंड हातात घेऊन ‘क्वांतो क्वेस्ता?’, म्हणजे केवढ्याला, असे विचारावे. दुकानदाराने ‘सिंको रुपियास’ म्हणावे. तिने मान हलवून ‘त्रेस’ म्हणावे, आणि घासाघीस होता होता ‘क्वात्रो’वर सौदा पटावा. या पाच मिनिटांत अंक, वस्तूंची नावे आणि प्रश्न विचारण्याची रीत अशा तिन्ही गोष्टी येतात. आणि शेतकऱ्याच्या लेकराला घासाघीस शिकवावी लागत नाही.

मोठ्या मुलांना या बाजारातच थोडा इतिहास-भूगोलही सांगता येईल. मिरची, टोमॅटो, बटाटा, मका, भुईमूग आणि पेरू ही सारी अमेरिका खंडातली पिके. स्पॅनिश आणि पोर्तुगीज जहाजांच्या येण्याजाण्यातून ती जगभर पसरली आणि आपल्याकडे आली. फार काय, आज आपल्या मोंढ्यात जो कापूस येतो त्यातील बहुतांश ज्या जातीचा आहे, तिचे मूळही मेक्सिको आणि त्याच्या आसपासच्या प्रदेशात आहे. उलट दिशेनेही देवघेव झाली : संत्र्याला स्पॅनिशमध्ये ‘नारांखा’ म्हणतात, आणि तो शब्द आपल्या संस्कृत ‘नारंग’पासून निघून फारसी-अरबी मार्गाने स्पेनपर्यंत पोहोचलेला आहे. एवढे कळल्यावर ती भाषा मुलाला परकी वाटत नाही, आणि आपल्या शेतातल्या बोंडाकडेही ते नव्या नजरेने पाहते.

आणखी एक खेळ सणाचा. मेक्सिकोत नाताळच्या दिवसांत आणि वाढदिवसाला ‘पिन्याता’ फोडण्याची चाल आहे. जुन्या रिवाजाप्रमाणे मातीच्या मडक्यावर रंगीत कागद डकवून, आत फळे आणि मिठाई भरून ते दोरीने टांगतात. डोळे बांधलेले मूल काठीने ते फोडू पाहते आणि भोवतालची मुले गाणी म्हणतात. आपली दहीहंडी आणि आंधळी कोशिंबीर एकत्र केल्यावर जे होईल तेच हे. गोपाळकाल्याच्या सुमारास शाळेच्या पटांगणात हा खेळ घ्यावा. मडक्याच्या खापऱ्या लागण्याचे भय असल्याने रद्दी कागद खळीने चिकटवून केलेला पोकळ गोळा वापरावा, त्यात भाजलेले शेंगदाणे आणि गुळाचे खडे भरावेत, आणि बाकीच्या मुलांना दोरीच्या टप्प्याबाहेर, खडूने आखलेल्या रिंगणाच्या कडेला बसवावे. डोळे बांधलेल्या गड्याला वाट दाखवायची ती मात्र स्पॅनिशमध्येच, असा दंडक ठेवावा : ‘देरेचा’ म्हणजे उजवीकडे, ‘इस्किएर्दा’ म्हणजे डावीकडे, ‘आर्रीबा’ म्हणजे वर, ‘आबाखो’ म्हणजे खाली. इथे शब्द चुकला तर काठी हवेत जाते, शब्द अचूक आला तर शेंगदाणे अंगावर पडतात. शब्दाच्या अर्थाची याहून चोख परीक्षा कोणत्याही प्रश्नपत्रिकेत घेता येणार नाही.

चुकांविषयी शिक्षकांना माझी कळकळीची विनंती आहे. मूल चुकले तर त्याला थांबवू नका, त्याच्या चुकीवर वर्गाला हसू देऊ नका. तोच शब्द तुमच्या पुढच्या वाक्यात शुद्ध करून उच्चारा, आणि पुढे चला. मुले शब्दांना हसली तर ते हसणे मात्र जपा. नमस्कारासाठी स्पॅनिश माणूस ‘ओला’ म्हणतो हे ऐकून सारा वर्ग खदखदून हसेल आणि एकमेकांच्या सदऱ्याला हात लावून ‘ओला, ओला’ म्हणेल. म्हणू द्या, तो शब्द आता त्यांच्या विस्मरणात जायचा नाही. आणि या विषयाची परीक्षा घेऊ नका, गुण देऊ नका, त्याची नोंद प्रगतिपुस्तकात करू नका. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने स्पॅनिशसह काही परदेशी भाषांच्या अध्ययनाची शिफारस केली आहे ती माध्यमिक टप्प्यावर. शक्य असेल तेथे निदान पाचवीपर्यंतचे अध्यापन मातृभाषेतून वा घरच्या भाषेतून व्हावे, असेही तेच धोरण सांगते. प्राथमिक वर्गातील परभाषेचे स्थान त्यावरून उघड होते. ती मराठीच्या तासाला धक्का न लावता, खेळाच्या वेळात, मुलाच्या राजीखुशीनेच आली पाहिजे.

आम्हाला स्वतःलाच स्पॅनिश येत नाही, असे पुष्कळ शिक्षक म्हणतील. त्यांनी प्रथम पंचवीस शब्द शिकावेत. ध्वनिफिती आणि चित्रफिती आज भ्रमणध्वनीवर उपलब्ध आहेत, त्यांतून उच्चार नीट ऐकावेत, आठ दिवस घरी म्हणून पाहावेत, आणि मगच वर्गात उभे राहावे. एक शब्द आपण शिकवावा आणि एक मुलांबरोबर शिकावा, यात गुरुत्वाला काही उणेपणा येत नाही. रोज दहा-पंधरा मिनिटे पुरे. आठवड्यातून एकदा तासभर बसवण्यापेक्षा हे शतपटीने हितकर. आठवड्याला पाच नव्या शब्दांहून अधिक घेऊ नयेत, आणि जुने शब्द रोज खेळात यावेत. चौथी-पाचवीतल्या तरबेज मुलांकडे पहिली-दुसरीतली चार-चार मुले सोपवावीत; मुले मुलांकडून लवकर शिकतात.

पालकांनाही एक सांगणे आहे. आपले मूल शाळेतून घरी आल्यावर ‘आज किती शब्द शिकलास, म्हणून दाखव’ असा जाब विचारू नका, पाहुण्यांपुढे त्याला उभे करू नका. त्याने आपण होऊन एखादा शब्द उच्चारला तर त्याचा अर्थ त्यालाच विचारा. आईबापांना ठाऊक नसलेले काही आपल्याला ठाऊक आहे, याचा आनंद त्याला भोगू द्या. त्याच वेळी घरात मराठी भरपूर बोला, गोष्टी सांगा, उखाणे आणि कोडी घाला. कारण ज्या मुलाची मराठी समृद्ध असते त्याच्याच मुखी दुसरी भाषा सुखाने नांदते.

मानवत तालुक्यातील आणि परभणी जिल्ह्यातील सर्व प्राथमिक शिक्षक-शिक्षिकांना माझे आग्रहाचे सांगणे एवढेच आहे की, कोणाच्या हुकमाची वा परिपत्रकाची वाट न पाहता, मुलांना विचारून एक भाषा निवडा, चार आज्ञा पाठ करा, आणि तयारी होताच मधल्या सुट्टीत मुलांना पटांगणात घेऊन ‘शिवाजी म्हणतो’ खेळायला प्रारंभ करा. त्याला पैसा लागत नाही. शिक्षकाचा उत्साह तेवढा लागतो, आणि तो आपल्यापाशी आहे.