मॉरिशसच्या दप्तरातले पणजोबा

1834 नंतर सुमारे साडेचार लाख भारतीय मजूर करारावर मॉरिशसला उतरले. मुंबई बंदरातून गेलेल्यांत रत्नागिरी, साताऱ्याकडचे मराठीही होते. त्यांच्या नोंदवह्या मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये आहेत. नाव, बापाचं नाव, वय, उंची, अंगावरची खूण, जिल्हा, गाव. पोलिसी थाटाचाच तपशील, पण आज वंशजांना तोच उपयोगी! 1860च्या दशकापासून मजुरांचे फोटोही काढले जाऊ लागले.

शोध घेताना नावावर मात्र फार विसंबू नका. कारकुनानं कानावर पडेल तसं लिहिलंय. त्यापेक्षा नोंदवहीतला मजुराचा क्रमांक मिळवा. घरच्या ट्रंकेतला जुना जन्माचा किंवा लग्नाचा दाखला आधी बघा, त्यावर तो बऱ्याचदा असतो.