‘पराभव’ कुणाचा?

दोस्तांनो, अमेरिकेच्या इतिहासात एक प्रकरण आहे : ‘सेंट क्लेअरचा पराभव’. नावातच गोम आहे. हरला त्याचं नाव छापलं, जिंकले ते गायब!

४ नोव्हेंबर १७९१. आजच्या ओहायो राज्यात, वाबॅश नदीकाठी. मायामी, शॉनी, डेलावेअर अशा मूळ जमातींनी एकजूट करून पहाटे जनरलचा तळ चहूबाजूंनी घेरला. पुढारी मायामींचा लिटल टर्टल, शॉनींचा ब्लू जॅकेट. काही तासांत सहाशेच्या वर शिपाई ठार. मूळ रहिवाशांकडून एवढा मार त्या फौजेनं पुन्हा कधी खाल्ला नाही.

आणि मेले ते शिपाई तरी कोण? मी म्हणतो, हेही विचारा. महिना तीन डॉलर पगार. त्यातला एक कपड्याला नि दवादारूला कापायचा, हातात दोन. रसदीचा ठेकेदार विल्यम ड्युअर हा बडा सटोडिया. रसद धड पोचलीच नाही. सरकारला मात्र या जमिनी विकून कर्ज फेडायचं होतं!

मग वेनची नवी फौज आली. २० ऑगस्ट १७९४ ला फॉलन टिंबर्सची लढाई झाली. हटलेले लढवय्ये दोस्त इंग्रजांच्या किल्ल्याकडे धावले, तर साहेबानं दरवाजाच बंद केला. १७९५ ला ग्रीनव्हिलचा तह. बहुतेक ओहायो गेलं. बदल्यात बारा जमातींना मिळून वर्षाला ९,५०० डॉलरचा माल. त्यात लिटल टर्टलच्या मायामींचा वाटा १,००० डॉलरचा.