दुनळीचा चोक, छर्रे आणि शिवारातला कोल्हा



चाकण भागातल्या एका गावी बैठकीला गेलो होतो. कांद्याच्या करप्याचे बोलणे संपले, तेव्हा एका वयस्क बागायतदाराने विचारले, "साहेब, वडलांची दुनळी आता माझ्या नावावर झालीय. कोल्हा शेरडं उचलतोय. कुठलं काडतूस घालू?"

प्रश्न सरळ आहे, पण कोल्ह्यावर बंदूक चालवता येत नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. २०२२ च्या दुरुस्तीने कोल्हा पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघ-बिबट्याच्या पंगतीत गेला. परवान्यावर 'पीक संरक्षण' लिहिले असले तरी तो बंदूक बाळगण्याचा परवाना आहे, शिकारीचा नव्हे. रानडुकराचे वेगळे. ते उभ्या पिकाची नासाडी करीत असेल, तर वनखात्याकडे अर्ज करून लेखी परवानगी मिळू शकते. चोक आणि छर्ऱ्यांचे सांगणे अशी परवानगी हातात असलेल्यांसाठीच आहे.

चोक म्हणजे नळीच्या तोंडाशी ठेवलेली आवळ. बहुतेक दुनळीत उजवी नळी मोकळी आणि डावी आवळलेली असते. ३६ मीटरांवर ७५ सेंटिमीटर व्यासाचे वर्तुळ धरा. साध्या नळीचे शंभरातले सुमारे ४० छर्रे त्यात पडतात, अर्ध्या चोकचे ६०, पुऱ्या चोकचे ७०. आता एसजीच्या काडतुसात छर्रे असतात जेमतेम नऊ. साध्या नळीतून त्यांतले तीन-चारच वर्तुळात येतील, आणि डुकराच्या वर्मी एखादा लागेल किंवा लागणारही नाही. जखमी डुक्कर उसात शिरले की मागे जाणाऱ्याची धडगत नसते. मग पुरा चोकच बरा, असे वाटेल. तसेही नाही. जाड छर्रे फार आवळले तर एकमेकांवर घासून वाकडे होतात व जास्तच फाकतात. एसजी, एलजीला पुष्कळदा अर्धा चोकच मानवतो. प्रत्येक नळीची खोड निराळी, म्हणून रायफल क्लबच्या मैदानावर कागद लावून भोके मोजावीत. पंचवीस मीटरांपलीकडे एसजीचा भरवसा धरू नये. बीबी किंवा चार नंबर डुकराला नुसते जखमी करतात, ते घालूच नयेत.

काडतुसे आपल्या शेजारी खडकीच्या दारूगोळा कारखान्यात बनत आली आहेत, पण ती घेण्याआधी नळीची कोठी तपासून घ्या. जुन्या विलायती बंदुकांची कोठी अडीच इंची असते. तीत पावणेतीन इंची काडतूस बसते खरे, पण दाब वाढतो आणि नळी फुटू शकते.

याहून मोठी गोष्ट पल्ल्याची. एसजीचा छर्रा, नेम चुकला तर, सहाशे मीटरांपलीकडे जाऊन पडतो. बीबीसुद्धा तीनशेवर जातो. आपल्या वडिलांच्या काळी बांधापलीकडे माळ होता. आज खेड-चाकणच्या कित्येक शिवारांत बांधापलीकडे कारखान्याची भिंत आहे, कामगारांच्या खोल्या आहेत, आणि रात्रपाळी सुटली की पायवाटेने माणसे येतात. त्या बागायतदाराच्या रानातून खोल्यांच्या ओळीपर्यंत मी पावले टाकून पाहिली, साडेतीनशे भरली. मागे मातीचा उंच बांध नसेल, तर परवानगी असूनही बार काढू नका, असेच माझे मत आहे. अंधारात दोन डोळे चमकले म्हणून तर मुळीच नको. ते कुत्र्याचेही असतात, बिबट्याचेही.

राहिला शेरडांचा प्रश्न. कोल्हा येतो तो बहुधा मेलेल्या कोंबड्या आणि खानावळींचे खरकटे यांच्या वासावर. ते खोल पुरा. गोठ्याला जाळी लावताना ती हात-दीड हात जमिनीत गाडा, कारण तो खालून उकरतो. करडे रात्री बाहेर बांधू नका. तेवढे झाले की तो उंदरांमागे लागतो, आणि ते आपल्या फायद्याचेच आहे.

कोल्ह्याने जनावर मारले तर शासनाकडून भरपाई मिळते. मेलेले जनावर जागचे हलवू नका, त्याच दिवशी चाकणच्या वनपरिक्षेत्र कार्यालयात कळवा किंवा १९२६ वर फोन करा. पंचनामा झाल्यावर त्याची नक्कल मागून घ्या. आणि कोल्हा माणसाला चावला, तर जखम वाहत्या पाण्याने व साबणाने पंधरा मिनिटे धुवून लगेच सरकारी दवाखाना गाठा. पिसाळल्याची लस त्याच दिवशी सुरू झाली पाहिजे.